गाळाखालची झोप

वैशाख उतरणीला लागला की तलासरीच्या आजूबाजूला कुठे ना कुठे पोकलेनची घरघर सुरू होते. कुठलं तरी तळं आटलेलं असतं, गाळ काढायचा असतो आणि पावसाला फार दिवस उरलेले नसतात. यंदाही हायवेवरून जाताना तो आवाज कानावर आला आणि मी मोटरसायकल बाजूला घेतली. समोरच ताडगोळ्यांची पाटी घेऊन एक बाई बसली होती. ताडगोळा सोलताना बोटांवरून पाणी ओघळलं, लांबून पेरणीआधी शेतात भाजलेल्या राबाच्या राखेचा वास आला, आणि तीन वर्षांपूर्वीचा उंबरतळ्याचा उन्हाळा पुन्हा जसाच्या तसा समोर उभा राहिला.

मी मूळचा चिंचणीचा. आमच्या घरात कासव म्हणजे समुद्राचं कासव. ते जाळ्यात सापडलं की वडील जाळं कापायचे. माशांचं नुकसान झालं म्हणून कुरकुरायचे, पण कापायचे. किनाऱ्यावर आई त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहायची आणि मग चार जण मिळून त्याला लाटेत सोडायचे. त्यामुळे कासवाबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे असं मी समजत होतो. गोड्या पाण्यातली कासवं लहानपणी विहिरीत पाहिली होती, पण ती कुणी हात जोडावे अशी नव्हती. विहिरीत बेडूक असतात, तसंच एखादं कासव. त्याला कोण विचारतो?

तर तीन वर्षांपूर्वी मी एका कंत्राटदाराकडे साइट सुपरवायझर होतो. तलासरीच्या वेशीवर, हायवे आणि पाडा यांच्या मधोमध उंबरतळं आहे. एका बाजूला नव्या चार मजली इमारती, दुसऱ्या बाजूला कौलारू घरं आणि भाताची खाचरं. इमारतींतलं साबणाचं पाणी नाल्याने तळ्यात यायचं, हॉटेलातला उरलासुरला भात कुणीतरी काठावर ओतायचं, पाड्यातल्या बायका तिथेच कपडे धुवायच्या आणि दुपारी म्हशी डुंबायच्या. इतक्या सगळ्यांचं सगळं पोटात घेऊनही त्या तळ्याला कधी घाण वास यायचा नाही. याचं तेव्हा मला नवल वाटलं नव्हतं. वाटायला हवं होतं.

काम साधं होतं. तळ्याचा तळ खरवडून गाळ काढायचा, तो ट्रॅक्टरने शेतकऱ्यांच्या शेतात टाकायचा आणि चारही काठांना दगड बसवायचे. पाणी समितीचे अध्यक्ष धर्माकाका रोज सकाळी लुंगी खोचून हजर. साठीचा, ताठ कण्याचा माणूस. मागच्या वर्षी तळं माघातच आटलं होतं आणि पाड्यातल्या विहिरीही त्याच्याबरोबर तळाला गेल्या होत्या. त्यामुळे ते मला रोज एकच वाक्य ऐकवायचे, "पावसाआधी खणून व्हायला पाहिजे. बाकी मला काही सांगू नका."

दुसऱ्या दिवशी मशीन अचानक थांबलं. ऑपरेटर हरेश संजाणकडचा, अर्धा गुजराती अर्धा मराठी बोलणारा. तो केबिनमधून ओरडला, "साहेब, आ तो काचबो छे!"

बकेटच्या दातांवर काळ्या चिखलाचा गोळा होता आणि त्या गोळ्याला पाय होते. कासव होतं. भिजलेल्या चिंचोक्याच्या रंगाची पाठ, कडेला एक फाटल्यासारखी जखम. मी घड्याळात पाहिलं. पाच ट्रॅक्टर ओळीने उभे होते.

"ठेव बाजूला आणि चालू कर," मी म्हणालो.

हे वाक्य लिहिताना आजही हात जड होतो. पण मी तेच म्हणालो, आणि लपवण्यात अर्थ नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला एक बाई सरळ माझ्याकडे चालत आली. पन्नाशी उलटलेली, काटक, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, डोक्यावर घमेलं. घमेल्यात ओलं फडकं आणि त्याच्याखाली काहीतरी हलत होतं. तिने घमेलं उतरवून माझ्या मोटरसायकलच्या सीटवर ठेवलं.

"हा तुझा," ती म्हणाली. "तुझ्या मशीनने काढला."

ती चैतीबाई. पाड्यातली, मजुरीला जाणारी. तिच्या खाचरातही आमचा गाळ पडला होता. तिच्या बोलीत अहो-जाहो नाहीच. तलाठी असो की कलेक्टर, सगळ्यांना 'तू'. मी फडकं उचललं. आत दोन कासवं होती, मान आत ओढून घेतलेली, पोटाखालच्या झडपा बंद केलेली; एकाच्या पाठीला तीच जखम.

"आणि बाकीचे चल बघायला," ती म्हणाली.

मी गेलो. तिच्या खाचरात गाळाचे ढिगारे उन्हात पांढरे पडत चालले होते आणि वर घारी फिरत होत्या. ढिगाऱ्यांच्या कडेला पाच कासवं पडली होती. ती मेली होती. त्यांचं अंग सुकून चामड्यासारखं झालं होतं. एकाचं डोकं अजून गाळाच्या ओलीकडे वळलेलं होतं. चैतीबाईने त्यांना रांगेत ठेवलं होतं. का, ते मी विचारलं नाही. तिने रडारड केली नाही, मला शिव्याही घातल्या नाहीत. त्यामुळे जास्तच लागलं.

"हे आलं कुठून?" मी विचारलं. "तळ्यात तर पाणीच नाही."

"पाणी नाय म्हणून तर गाळात हाय. उन्हाळा आला की खाली जातो, निजतो. पाणी आला की उठतो. तळ्यात अजून लय हाय."

"तुला काय माहीत?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भात कशाचा करतात असं विचारलंय.

"मी खाल्लेत ना," ती म्हणाली.

मग तिथेच बांधावर बसून तिने सांगितलं. तिचा बाप उन्हाळ्यात लोखंडी सळई घेऊन सुकलेल्या तळ्यात उतरायचा. गाळात सळई खुपसत जायचा आणि हाताला लागणाऱ्या धक्क्यावरून ओळखायचा की खाली दगड आहे, मूळ आहे की कासव. चैत-वैशाखात घरात दाणा नसायचा. त्या दिवसांत एक कासव म्हणजे सहा जणांचं एक वेळचं जेवण. बापाने तिलाही शिकवलं, कारण भावांपेक्षा तिचा हात हलका होता.

"आता नाही खात?"

"तेव्हा भूक होती," ती म्हणाली. "आता चूल पेटते. मग कशाला?"

शिकलेली माणसं प्राण्यांवर प्रेम कसं करावं ते सांगतात तेव्हा मला चैतीबाईचं हे उत्तर आठवतं. त्यात प्रेमाचा शब्दही नव्हता. होता तो फक्त हिशेब नसलेला एक सरळपणा. भूक नाही, म्हणून मारायचं कारण नाही. आणि मारायचं कारण नाही, तर मरू तरी का द्यायचं?

संध्याकाळी मी मशीन बंद ठेवायला सांगितलं आणि धर्माकाका भडकले.

"कासवांसाठी काम थांबवणार? उद्या पाड्यातल्या बायकांनी पाणी कुठून आणायचं? कासव देणार का?"

त्यांचं चुकत नव्हतं. तेच तर अवघड होतं. इमारतीतले दोघेतिघे गॅलरीतून मजा बघत होते. चैतीबाई पुढे झाली.

"काम थांबवू नको. मशीनच्या पुढे मी चालते. मी काढते, मागून तू खण."

"अख्ख्या तळ्यात? आणि आहेत कुठे ती? दोन दिवसांत सात दिसली, संपली असतील," धर्माकाका म्हणाले.

चैतीबाईने माझ्या सामानातली एक सळई उचलली आणि ती तळ्यात उतरली. वरचा गाळ वाळून भेगाळला होता, खाली ओल होती. ती हळूहळू चालत होती, दर पावलाला सळई खुपसत होती, मान जराशी वाकडी करून. काठावर माणसं जमली. दहा पावलं झाली, वीस झाली. कुणीतरी हसलं. ती थांबली. पुन्हा त्याच जागी सळई टोचली, अगदी अलगद, आणि वाकून दोन्ही हात कोपरापर्यंत गाळात घातले. हात बाहेर आले ते परातीएवढं कासव घेऊन.

हसणारा वाकून बघू लागला. ती कासव बाजूला ठेवून पुढे निघाली. आठ-दहा पावलांवर दुसरं. काठावरच्या उंबराच्या मुळांजवळ एकाच खड्ड्यात तिघं, एकमेकांना टेकून. पाचवं काढताना ती दम घ्यायला उभी राहिली आणि वर धर्माकाकांकडे पाहून म्हणाली, "आता बोल."

धर्माकाकांनी लुंगी सोडली, पुन्हा खोचली. "तीन दिवस," ते म्हणाले. "तीन दिवसांत तळ खणून झाला पाहिजे. चौथा दिवस देणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी चैतीबाईबरोबर पाड्यातल्या सात बायका आल्या. मी सळयांची टोकं घासून बोथट करून ठेवली होती. आम्ही तळ्याचे पट्टे पाडले. पुढे बायकांची ओळ, मागे हरेशचं मशीन. एका पट्ट्यातून बायका बाहेर आल्या की तो पट्टा हरेशचा. तोही रंगात आला. बकेट वर घेताना स्वतःच वाकून बघायचा, "काकी, आ बाजू क्लिअर?" आणि चैतीबाई हात हलवायची.

मी तिला म्हटलं, "मलाही शिकव."

"तुझा हात जड हाय," ती म्हणाली, पण शिकवलं. दगडाला सळई लागली की मनगटाला झिणझिण येते. मूळ असलं तर सळई रुतून बसते. आणि कासव असलं तर वाळक्या भोपळ्यावर टिचकी मारल्यासारखा एक पोकळ, दबका ठोका हाताला जाणवतो. कानाला नाही, हाताला. अख्खी सकाळ मी दगड उकरले. बायका हसून हसून बेजार झाल्या. जेवणाची वेळ व्हायला आली आणि तो ठोका मला लागला. मी गुडघ्यांवर बसलो, गाळात हात घातला. गार, मऊ चिखल आणि त्यात एक घट्ट, गोल वस्तू. बाहेर काढल्यावर कासवाने मान लांब केली, आपलं डुकरासारखं नाक माझ्याकडे वळवलं आणि माझ्या मनगटावर सप्पकन नख मारलं. इतका आनंद मला डिप्लोमा पास झालो तेव्हाही झाला नव्हता. मी ते दोन्ही हातांत उंच धरून ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. काठावरून धर्माकाका म्हणाले, "सुपरवायझर, लगीन ठरलं का?"

काढलेली कासवं ठेवायची कुठे, हा प्रश्न चैतीबाईनेच सोडवला. उंबराखालचा कोपरा खणायचाच नाही. तिथे आम्ही टँकरचं पाणी सोडून चिखल ओला केला आणि एकेक कासव त्यावर ठेवलं. थोडा वेळ ती नुसती पडून राहायची. मग पुढचे पाय हलायचे, चिखल दोन्ही बाजूंना सरकायचा, पाठ थोडी थोडी बुडायची आणि शेवटी फक्त एक भोक उरायचं. अर्धवट मोडलेली झोप पुरी करायला ती पुन्हा खाली जायची. जखमी झालेलं पहिलं कासव मी डहाणूला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जखम धुतली, औषध भरलं. मग त्यांनीच समजावलं की हे प्राणी तळ्यातले मेलेले मासे, कुजकं, गोगलगाई, डासांच्या अळ्या खातात. तेव्हा मला उंबरतळ्याला घाण वास का येत नाही ते कळलं. इतकी वर्षं इमारती आणि पाडा दोघांचीही सफाई कोण करत होतं, ते गाळाखाली झोपलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी एक पांढरी मोटार हायवेवरून खाली उतरली. आतून एक गृहस्थ आले, चांगले कपडे, गोड बोलणं. त्यांना घरी ठेवायला एक कासव हवं होतं. "वास्तूसाठी. लक्ष्मी येते म्हणतात," ते म्हणाले.

मी काही बोलायच्या आत चैतीबाईने कंबरेवर चिखलाचे हात ठेवले. "माझा बाप, मी, आम्ही एवढे काचबे घरी नेले," ती हरेशचा शब्द उचलून म्हणाली, "लक्ष्मी काय आली नाय. तू ने, तुझ्याकडे तरी कशी येल?"

सगळं तळं हसलं. हरेशने हॉर्न वाजवला. गृहस्थ मोटारीत बसले आणि काच वर केली.

त्या संध्याकाळी पश्चिमेकडे समुद्राच्या बाजूने ढग चढत होते आणि शेवटचा पट्टा उरला होता. धर्माकाका स्वतः सळई घेऊन तळ्यात उतरले. त्यांना एकही सापडलं नाही, पण ते उतरले. अंधार पडायच्या आत हरेशने शेवटची बकेट उचलली. उंबराखालच्या कोपऱ्यात त्रेसष्ट कासवं गेली होती. धर्माकाकांची मुदत पाळली होती, तो कोपरा सोडून सगळा तळ खणून झाला होता आणि सुरुवातीच्या त्या पाचांनंतर एकही मेलं नव्हतं.

एक अडचण उरली होती. चारही काठांना दगड बसला असता तर कासविणीने अंडी घालायला वर चढायचं कुठून? हेही चैतीबाईनेच विचारलं. मी कंत्राटदार मालकाला फोन केला तर त्याने मला चांगलंच फैलावर घेतलं, नकाशाबाहेर जायचं नाही म्हणून बजावलं. मी नकाशा घेऊन डहाणूला, काम मंजूर करणाऱ्या इंजिनिअरसाहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला.

"कासवांसाठी काठ मोकळा सोडला, असं कागदावर कसं लिहू?" ते म्हणाले.

मला तळ्यात डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या. "गुरांना उतरायला मातीचा उतार ठेवला, असं लिहा साहेब. खोटं नाही. गुरंही तिथूनच उतरतील."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि लाल पेनाने पूर्वेच्या काठावर एक रेघ मारली. "तीन बाजू दगड, एक बाजू उतार," ते म्हणाले. "म्हशींना नमस्कार सांगा." मी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरलो.

श्रावणात मी मुद्दाम गेलो. तळं काठोकाठ होतं आणि पाण्यावर जागोजागी काड्यांसारखी बारीक नाकं वर येत होती, श्वास घेऊन पुन्हा खाली जात होती. चैतीबाई कपडे आपटत होती. "उठले," एवढंच ती म्हणाली. पाऊस सरल्यावर तिला एक कासवीण उतार चढून, रस्ता ओलांडून, धर्माकाकांच्या बांधावर मागच्या पायांनी खड्डा करताना दिसली. मग दुसरी. चैतीबाईने बांधावर बोरीच्या काट्या टाकल्या, कुत्री आणि मुंगसं येऊ नयेत म्हणून. धर्माकाका कुरकुरले, "माझा बांध आहे की बाळंतिणीची खोली?" पण त्यांनी त्या बांधाला कुदळ लावली नाही.

अंडी किती महिने मातीत राहतात याची मला कल्पना नव्हती. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. मी मनातल्या मनात आशा सोडली होती. मधल्या काळात मी दुसऱ्या साइटवर होतो, त्या मालकाकडेही राहिलो नव्हतो. आषाढातल्या एका सकाळी चैतीबाईने शेजारणीच्या फोनवरून मला फोन केला. ती फोनवर ओरडूनच बोलते.

"ये. आताच ये."

मी चिंचणीहून निघालो तो थेट पोचेपर्यंत थांबलो नाही. रात्रभर पाऊस पडून गेला होता, आभाळ नुकतंच उघडलं होतं. तळ्याच्या अलीकडेच रस्ता बंद होता. एक टेम्पो, दोन ट्रॅक्टर, शाळेची गाडी, चार-पाच मोटरसायकली, सगळे ओळीने उभे. पुढे रस्त्याच्या मधोमध चैतीबाई उभी होती, एक हात वर केलेला.

तिच्या पायांपुढून, धर्माकाकांच्या बांधाकडून उताराकडे, कासवांची रांग चालली होती. लिंबाच्या अर्ध्या फोडीएवढी पिल्लं, पाठीवर अजून माती, इवल्याशा मानेवर पिवळट रेघा. एक थांबायचं, दुसरं त्याला ढकलून पुढे जायचं. एक उलटं झालं तर चैतीबाईने पायाच्या अंगठ्याने हळूच सुलटं केलं. मी मोजायला लागलो, मधेच चुकलो, पुन्हा सुरुवात केली आणि मग मोजायचं सोडून दिलं. शाळेच्या गाडीतल्या पोरी खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या आणि त्यांच्या बाईंनी त्यांना आत ओढायचं केव्हाच सोडलं होतं.

टेम्पोवाला बाहेरगावचा होता. त्याला काही दिसत नव्हतं, तो नुसता हॉर्न वाजवत होता. तेव्हा बांधावरून धर्माकाका आले, लुंगी सावरत, चिखल तुडवत. ते टेम्पोच्या नाकासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही तळहात बॉनेटवर टेकले.

"बंद कर ते भोंगाट," ते म्हणाले. "आमची माणसं रस्ता ओलांडतायत."

टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरून बघायला आला.